चौथ्या गाण्यातला उतार

ती कॅसेट माझ्याकडे फक्त एका संध्याकाळसाठी आली होती. नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. मी नुकताच गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात लिपिक म्हणून चिकटलो होतो. हॉस्टेलवर राहणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलाचा भाऊ बोटीवर होता. बोटीवरचे भाऊ हे त्या काळी बऱ्याच गोष्टींचं उगमस्थान असत. "सकाळी परत पाहिजे सर, मी गावाला चाललोय," असं म्हणून त्याने ती माझ्या हातात ठेवली.

बँडचं नाव लिहीत नाही. ज्यांना ते ठाऊक असायला हवं त्यांनाही ठाऊक नाही, तर इतरांना कशाला त्रास. परदेशातल्या कुठल्याशा मध्यम शहरातली चार पोरं, त्यांचा पहिलाच अल्बम, थ्रॅश मेटल, म्हणजे सुसाट, कर्कश गिटारींचं रॉक, आणि त्यातही ज्याला तांत्रिक म्हणतात त्या, गुंतागुंतीच्या तालांच्या जातीचं. कंपनीने तो काढला आणि विसरली. मुखपृष्ठावर एक कवटी, तिच्या डोळ्यांतून दातेरी चाकं बाहेर आलेली. मला आजही ते चित्र बघवत नाही. या संगीताचं दुर्दैव असं, की त्याचं सगळं सामान त्याच्याच विरोधात साक्ष देतं: कवट्या, काळे शर्ट, भर मे महिन्यात चामड्याची जाकिटं. सत्कार समारंभात शाल आणि नारळ जे काम करतात तेच इथे कवटी करते. आत कोण आहे हे बघायची कुणाला गरज उरत नाही.

घरी मामाने दिलेला एक टेपडेक होता आणि माझा स्वतःचा टू-इन-वन. त्या भिंतीला प्लग एकच, म्हणून डेक विजेवर लावला आणि टू-इन-वनमध्ये सेल घातले. वायरीने दोन्ही जोडले आणि डेकवरून टू-इन-वनमध्ये कॉपी करायला बसलो. पहिली तीन गाणी ऐकली. मग आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "गिरणी आणलीस का घरात? ती बंद होणार का मी शेजारी जाऊन बसू?" आवाज बंद केला तरी रेकॉर्डिंग चालूच राहतं, म्हणून मी आवाज शून्यावर आणला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. उन्हाळा होता. सगळ्या कॉलनीचे कूलर एकदम सुरू झालेले. घरोघरचे बल्ब मध्येच पिवळे पडत आणि पुन्हा उजळत. असल्या गोष्टीकडे कुणी मान वर करून बघत नसे. मीही बघितलं नाही.

सकाळी मूळ कॅसेट परत केली. तो मुलगा गेला तो गेलाच. माझ्याकडे कॉपी राहिली.

ऐकायला तो अल्बम कोरडा आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो खडी फोडण्याच्या मशीनसारखा वाटतो, दुसऱ्यांदाही वाटतो. गाणारा गातो असं म्हणता येणार नाही. तो तक्रार नोंदवतो. पण पाचव्या-सहाव्या खेपेला खाली काय चाललंय ते दिसायला लागतं. लांबलचक मराठी वाक्य जसं क्रियापद शेवटपर्यंत हातात ठेवतं आणि तोवर तुम्हाला सोडत नाही, तशी त्यांची गिटार शेवटचा ठोका हातात ठेवते. मध्ये पोटवाक्यं येतात, त्यांच्या पोटात आणखी वाक्यं येतात, आणि अर्थ लागतो तो अगदी टोकाला. चारही जण एकमेकांचं बोलणं ऐकून वाजवतात. सभांना जाऊन आलेल्या माणसाला याचं किती कौतुक वाटतं ते सांगून कळणार नाही.

हे कौतुक वाटून घ्यायला मला एकच माणूस मिळाला, तोही मिरवणुकीत. गणपतीची मिरवणूक आमच्या कॉलनीपुढून चालली होती. बँजो पार्टीच्या गाडीवर एक काळासावळा पोरगा ड्रम वाजवत होता आणि पुढे नाचणाऱ्यांचे पाय सारखे अडखळत होते. मंडळाचे अध्यक्ष फेटा सावरत ओरडले, "सरळ वाजव की रे!" गाडी थांबल्यावर मी त्याच्याजवळ गेलो.

"अर्धी मात्रा खाल्लीस ना?"

तो चपापला. "तुला कळलं?"

"पाय चुकले त्यांचे."

"त्यांचे नेहमीच चुकतात. आज मी चुकवले, एवढंच."

त्याच्या घरच्यांची मखमलाबादच्या पुढे झेंडूची शेती होती. पहाटे फुलं बाजारात, लग्नसराईत बँजो पार्टी. एक बंद पडलेला ऑर्केस्ट्रा आपला ड्रमसेट विकत होता, तो याने घेऊन शेताच्या कडेला क्रेट ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये मांडला होता. मी कॅसेट घेऊन गेलो. पहिलं गाणं संपेपर्यंत तो बोलला नाही. मग म्हणाला, "लय हुशार लोकं हेत. पण गाणाऱ्याला कोणीतरी पाणी द्या."

पुस्तकांत त्या ठेक्याला सात म्हणतात. हा सात म्हणायचा नाही. "सात कशाला? साडेतीन हे ते. चालून बघ: एक, दोन, तीन, आणि अर्धा पाय वर धरून ठेव. मंग तोच पाय पुढच्याचा पहिला." शेतातल्या पाटाच्या कडेने तो मला असं चालवायचा. वणीला अर्धं पीठ असलेल्या जिल्ह्यात साडेतीन कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्या लोकांना ज्या मोजणीसाठी बोटं लागतात त्यासाठी आपल्याकडे लहानपणीच पाठ केलेले शब्द आहेत. चौथं गाणं तर त्याने एका वाक्यात सोडवलं: "तीनदा साडेतीन, मंग एक दीड. झाले बारा."

त्या चौथ्या गाण्यातच आमचा उतार होता. साधारण मध्यावर सगळा बँड खाली जायला लागतो. वेग जातो, सूरही जातो. घाटात भरलेला ट्रक गिअर बदलताना मरगळतो, तसे गिटार, बास, ड्रम, गाणारा, सगळे एकदम जड होतात, आता थांबणार असं वाटतं, आणि मग हळूहळू चढून मूळ जागी येतात. सगळं मिळून आठ-दहा सेकंद. असं आम्ही दोघांनीही कुठेच ऐकलं नव्हतं. बाकीच्या अल्बममध्ये हुशारी होती. इथे काहीतरी मोठं होतं, असं आमचं ठरलं.

मी त्यावर कॉलेजच्या वार्षिकात लेख लिहिला. संपादकांना पानं भरायची होती, म्हणून छापला गेला. त्यात वाक्य होतं: 'येथे काळ स्वतःच गुडघे टेकतो.' लोकांच्या भाषणांतली असली वाक्यं वहीच्या मागच्या पानावर उतरवून हसणारा मी. मी ते वाक्य लिहिलं आणि छापून आल्यावर चार वेळा वाचलं.

त्याने लेख लिहिला नाही. त्याने तो उतार शिकला. पाऊण वर्ष लागलं. ठेका साडेतीनचाच ठेवायचा आणि प्रत्येक ठोका मागच्यापेक्षा किंचित उशिरा टाकायचा, सगळ्यांना एकाच मापाने ताणत न्यायचं. सूर उतरल्याचा भास व्हावा म्हणून हात लहान ड्रमवरून मोठ्याकडे सरकवायचे. पुढे कॅसेटची फीत डेकने चावून टाकली, तरी अडलं नाही; सगळा अल्बम त्याच्या हातात होता. लग्नाच्या वरातींमध्ये तो जे वाजवायचं ते वाजवायचा आणि दुपारी शेडमध्ये येऊन हे वाजवायचा. अशी आठ वर्षं गेली. त्याचं लग्न झालं, मूल झालं. माझी बढती झाली नाही. त्याची एकच इच्छा होती आणि ती तो थट्टेत सांगायचा: "एकदा खरे गिटारवाले समोर उभे करून हे वाजवायचं. मंग मला वरातीत मेलो तरी चालंल."

दोन हजार सालानंतर कधीतरी, इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी काउंटरवर आला. त्याच्या हातात तो जुना वार्षिक अंक होता.

"सर, हे तुम्ही लिहिलंय?"

खाली माझं नाव होतं, नाही म्हणायची सोय नव्हती.

"आमचा बँड आहे, सर. आम्ही यातलीच पहिली चार गाणी बसवतोय. मुंबईला कॉन्टेस्ट आहे." मग त्याने ते वाक्य बोटाने दाखवलं. "पण चौथ्यातलं हे गुडघे टेकणं कुठे आहे? मला सापडलं नाही."

"नीट ऐक," मी म्हणालो. चष्मा खाली घेऊन म्हणालो.

त्यांचा ड्रमर नोकरी लागून बंगळूरला निघून गेला होता. कॉन्टेस्ट दोन आठवड्यांवर. मी म्हणालो, असा एक माणूस आहे ज्याला हा अल्बम झोपेत येतो. त्यांनी रविवार ठरवला. मित्राला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ झेंडूच्या टोपलीत हात घालून नुसता उभा राहिला आणि मग म्हणाला, "नखं कापावी लागतील."

गुरुवारी तो विद्यार्थी सीडी देऊन गेला. "सर, तेवढं मार्क करून द्या ना." दुपारी वाचनकक्ष रिकामा असतो. मी कॅटलॉगच्या कॉम्प्युटरला हेडफोन लावला आणि चौथं गाणं सुरू केलं. तीनदा साडेतीन, मग दीड. मध्य आला. गाणं सरळ पुढे गेलं.

मला वाटलं सीडी खराब आहे. पुन्हा लावलं. पुन्हा सरळ. तिसऱ्या वेळी मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, कारण मला पायरी आठवली होती आणि पिवळे पडलेले बल्ब. विजेवर चालणारा मामाचा डेक त्या वेळी मरगळला होता, आणि सेलवरचा माझा टू-इन-वन ती मरगळ इमानेइतबारे उतरवून घेत होता. काळाने गुडघे टेकले नव्हते. व्होल्टेज गेलं होतं.

सांगायचं नाही असा विचार मनात येऊन गेला. पण रविवारी ते त्याला त्यांच्याकडून कळलं असतं. शुक्रवारी सकाळी शेतावर गेलो. तो फुलांची गाठोडी बांधत होता.

"उतार नाहीये," मी म्हणालो.

"कशात?"

"गाण्यात. मूळ गाणं सरळ जातं."

"मंग आपल्यात कुठून आला?"

मी सगळं सांगितलं. त्याने गाठ पूर्ण आवळली. आमच्याकडे विजेचं जे काही बरं-वाईट होतं ते कोपऱ्यावरच्या डीपीच्या, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या नावावर जातं.

"म्हंजे आठ वर्षं मी डीपी वाजवतोय?"

मी मान हलवली. तो हसायला लागला. पलीकडच्या वाफ्यातून त्याच्या बायकोने विचारलं, "काय झालं ओ?"

"काय नाय. लायब्ररीने मला चुकीचं पुस्तक दिलं व्हतं. आठ वर्षं वाचत बसलो."

दुपारी तो ग्रंथालयात आला. एकाच हेडफोनचा एक कान त्याच्याकडे, एक माझ्याकडे, असं आम्ही ते गाणं सहा वेळा ऐकलं. "सोपं हे," तो म्हणाला. त्याचा चेहरा सोपं असल्यासारखा नव्हता. शनिवारी दिवसभर तो शेडमध्ये होता. मी गेलो नाही. माझी तब्येत बरी नाही असं मी स्वतःला सांगितलं.

रविवारची जागा इंदिरानगरमध्ये, एका बंगल्याच्या गॅरेजात होती. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. सगळे जण विशी-एकविशीचे, नम्र, काळ्या शर्टांतले. "या सर. या काका, बसा." काका बत्तीस वर्षांचे होते. त्यांनी नवा शर्ट घातला होता आणि नखं कापली होती.

पहिली तीन गाणी त्याने अशी वाजवली, की बास वाजवणारा मुलगा आपलं वाजवणं सोडून त्याच्याकडे बघत राहिला. आठ वर्षांत मी त्याला गिटारसोबत कधी ऐकलंच नव्हतं. मग चौथं. साडेतीन, साडेतीन, साडेतीन, दीड. पोरं हसत होती, आनंदाने. मध्य आला आणि त्याचे हात उतरायला लागले. गिटारी पुढे निघून गेल्या, तो मागे घाटात राहिला. सगळे थांबले.

"सॉरी," तो म्हणाला. "परत."

परत तेच झालं. तिसऱ्या वेळी तो सरळ गेला, पण रस्ता ओलांडताना स्वतःच्याच पायांकडे बघणाऱ्या माणसासारखा. ओठ हलत होते. तो मोजत होता. साडेतीन त्याला कधी मोजावं लागलं नव्हतं.

"काका, मध्ये स्लो का होताय?" माझ्या विद्यार्थ्याने विचारलं. चांगल्या स्वरात विचारलं.

मित्राने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायला हवं होतं. एकच वाक्य लागत होतं, आणि वाक्यांची मला कधी टंचाई नव्हती. पण त्या पोराच्या बॅगेत तो वार्षिक अंक असणार, त्यात माझं ते गुडघे टेकणं, आणि मी भिंतीवरचे अंड्यांचे ट्रे बघत राहिलो.

"सवय," मित्र म्हणाला.

"बरं काका. कळवतो आम्ही."

येताना द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये आम्ही बराच वेळ अडकलो. पुढे बसून स्कूटर तो चालवत होता. एकदाच मान वळवून म्हणाला, "बोलवतील का रे?"

"बोलवतील."

मंगळवारी तो विद्यार्थी पुस्तक परत करायला आला. "सर, एक जण मिळाला आम्हाला. बारावीचाय. त्या काकांचा हात खतरनाक होता, पण टायमिंग जातं त्यांचं."

"टायमिंग जात नाही त्याचं," मी म्हणालो. "माझी कॅसेट खराब होती. तो माझी कॅसेट वाजवत होता." आणि सगळं सांगितलं, वाक्यासकट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. त्याला माझी दया आली असावी. मुलं चांगली होती.

"रविवारी सांगितलं असतं सर, तर आम्ही दोन-चार दिवस बघितलं असतं. आता त्याला हो म्हणून बसलोय."

त्या दिवशी मित्र सिन्नरला वरातीला होता. फोनवर सांगता आलं असतं, पण मी एसटीने गेलो. मंगल कार्यालयाबाहेर बँजोची गाडी उभी होती, नवरदेव अजून तयार होत होता. तो चाकाला टेकून चहा पीत होता.

"नाही म्हणाले."

"हं."

"मी सांगितलं त्यांना. चूक कॅसेटची होती म्हणून."

"कव्हा?"

"आज."

त्याने कप खाली ठेवला. "आज," तो म्हणाला. "रविवारी काय, तोंडात पान व्हतं का?"

तेवढ्यात नवरदेव बाहेर आला, फटाक्यांची माळ लागली, आणि तो गाडीवर चढला. त्याने सगळं सरळ वाजवलं. कुणाचा पाय चुकला नाही. मी शेवटपर्यंत थांबलो नाही.

त्यानंतर दोन-तीन महिने तो आला नाही. मी गेलो नाही. मग एक दिवस काउंटरसमोर येऊन उभा राहिला. "ती सीडी हे का?"

"आहे. कशाला?"

"हातात चूक राहिली ना. काढायची हे."

"आता कुणासाठी?"

"तू पुस्तकं कोणासाठी वाचतो?"

मी सीडी दिली. पुढचा सगळा हिवाळा आणि त्यानंतरचा बराचसा काळ तो त्या एका जागेवर बसला. शिकताना जेवढं लागलं होतं त्याहून विसरायला जास्त लागलं. मग त्याने निरोप पाठवला, की ये.

शेडमध्ये क्रेटवर बसून मी सगळा अल्बम ऐकला, फक्त ड्रम. चौथ्या गाण्याचा मध्य आला आणि तो सरळ गेला, न मोजता. आणि तेव्हा मला कळलं की त्या जागी मुळात काय आहे. तो दीड, जो सगळ्या गाण्यात शेवटी येतो, तिथे एकदाच पुढे येतो. आधी दीड, मग तीनदा साडेतीन. बेरीज तीच बारा, पण पाय भलत्याच जागी पडतात, आणि पुढच्या खेपेला सगळं पुन्हा जागच्या जागी. कुठेही जोर नाही, घोषणा नाही. त्या लांबच्या शहरातल्या ड्रमरने ते केलं आणि बहुधा कुणाला सांगितलंही नाही. सीडी सहा वेळा ऐकूनही मला ते सापडलं नव्हतं, कारण मी जे नव्हतं तेच शोधत होतो. त्या कवटीमागे खरं कौतुक करण्यासारखं काही असेल तर ते हे होतं.

"बघितलं का?" तो म्हणाला. "दीड पुढं घेतलाय भावाने."

"बघितलं."

"आपला उतार लय मोठा व्हता. त्याच्याखाली हे दाबून गेलं."

मग मी म्हणालो, "एकदा जुनं वाजव ना. उतार."

त्याने काठ्या उचलल्या. साडेतीन, साडेतीन, साडेतीन, दीड. मध्य आला, आणि हात सरळ गेले. तो थांबला, मान झटकली, पुन्हा सुरुवातीपासून धरलं. पुन्हा सरळ. तिसऱ्या वेळी त्याने मुद्दाम वेग मागे ओढला, पण ते नुसतं हळू झालं. वरातीत दमलेला माणूस वाजवतो तसं.

"नाय येत आता," तो म्हणाला.

"राहू दे."

"थांब जरा." तो आणखी एकदा बसला, डोळे मिटून, आणि मी त्याच्याकडे न बघता त्याच्या पायाकडे बघत राहिलो. पाय चौथ्या वेळीही सरळच गेला.